वूल नाही असं सांगून विकलेल्या शालीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: लेडीज शाल, वेबसाईटवर 'कॉटन व्हिस्कोज' लिहिलंय, प्रत्यक्षात लोकर निघाली

नमस्कार,

तुमच्या वेबसाईटवरनं घेतलेल्या शालीबद्दल हे लिहितेय. ऑर्डर नंबर सब्जेक्टमध्ये टाकलाय, चॅटचे स्क्रीनशॉट, टॅगचा फोटो आणि आईच्या मानेचे फोटो जोडलेत. तुमच्या कस्टमर केअरशी आधी फोनवर पण बोलून झालं आणि चॅटवर पण, प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी आपण पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि शेवटी उत्तर तेच, की मॅडम ही पर्सनल स्किन सेन्सिटिव्हिटी आहे, प्रॉडक्टमध्ये डिफेक्ट नाही, आणि शाल वापरलेली असल्यामुळे रिटर्न होणार नाही. म्हणून आता लेखी.

आधी हे सांगते की आम्ही शाल घेण्याच्या आधी विचारलं होतं. माझ्या आईची पंचाहत्तरी होती, दादरला छोटासा हॉल घेतला होता, आणि तिच्या अंगावर घालायला शाल हवी होती. तिला लोकर अजिबात चालत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे दुकानात जाऊन काउंटरवरच्या माणसाच्या तोंडी भरवशावर घेण्यापेक्षा जिथे कापड काय आहे ते लिहून येतं तिथूनच घ्यायची असं मी ठरवलं. तुमच्या पेजवर 'कॉटन व्हिस्कोज, स्किन फ्रेंडली' असं होतं. तरी मी चॅटवर स्पष्ट लिहिलं, आईला वूलची अ‍ॅलर्जी आहे, यात वूल, पश्मिना, अंगोरा काही मिक्स आहे का. तुमच्या माणसाचं उत्तर: 'नो मॅम, वूल नाही, सेन्सिटिव्ह स्किनसाठी सेफ आहे.' स्क्रीनशॉट पहिलाच आहे, तो आधी बघा. बाकी सगळं पत्र त्या एका उत्तराबद्दल आहे.

कार्यक्रमात ७५ दिव्यांनी ओवाळून झालं, मग मामांनी तिच्या खांद्यावर शाल घातली. पुढे सगळे पाया पडायला, फोटो काढायला येत होते, ती बाई शाल काढणार कशी? अंगावर मोठ्या भावाने घातलेली. थोड्या वेळाने बघितलं तर ती सारखी मान वळवतेय, पदर आत सारतेय. मी विचारलं तर म्हणाली काही नाही गं, गरम होतंय. मुंबईचा उकाडा, हॉलचा एसी नावापुरता, घाम तर येणारच, आणि घामाने ओल्या झालेल्या कातडीला लोकर जास्तच टोचते. घरी येऊन शाल काढली तर कानाच्या खालपासून खांद्यापर्यंत, जिथे जिथे शालीची किनार घासत होती तिथे बारीक लाल पुरळ, नखं लागून काही ठिकाणी सोललेलं, दोन्ही हातांवर कोपराच्या खाली तसंच. आणि जिथे ब्लाउजचं कापड होतं तिथे कातडी एकदम स्वच्छ, पट्टी लावून आखल्यासारखी हद्द दिसत होती. फोटोत नीट दिसतंय. खाण्यातनं किंवा औषधातनं काही उठलं असेल असं तुमच्या फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, पण तसं उठणारं कधी ब्लाउजची बाही बघून थांबत नाही.

तिला हे लहानपणापासून आहे. साताऱ्याकडचं घर, थंडीत सगळी पोरं घोंगडीवर झोपायची, आणि आईची आजी फक्त तिच्यासाठी मधे जुनी सोलापुरी चादर टाकायची कारण नाहीतर पोरगी रात्रभर खाजवत बसायची. तेव्हा कोणी अ‍ॅलर्जी म्हणत नव्हतं, हिचं अंग नाजूक आहे एवढंच. पुढे मुंबईत आल्यावर स्किनच्या डॉक्टरांनी नीट समजावलं, आणि ते मी तुम्हाला पण सांगते कारण तुमच्या लोकांना यातलं काहीच माहीत नाहीये असं मला बोलताना जाणवलं.

लोकरीच्या तंतूची खरी अ‍ॅलर्जी फार कमी लोकांना असते. बहुतेकांना जे होतं ते टोचण्यामुळे. तंतू साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असला की त्याचं टोक वाकत नाही, कातडीत टोचतं, आणि ज्यांची कातडी मुळात एक्झिमाची, म्हणजे कोरडी आणि खाज सुटणारी आहे त्यांना काही मिनिटांतच खाज सुटते. एक्झिमा ओळखायच्या ज्या खुणा १९८० पासून डॉक्टर वापरतात त्यात लोकर सहन न होणं ही पण एक आहे. दुसरी गोष्ट वेगळी आहे, लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचा मेणासारखा तेलकट भाग. त्याची खरोखरची अ‍ॅलर्जी होते, पण ती लगेच नाही, एक-दोन दिवसांनी उठते, त्यामुळे कशामुळे झालं ते लक्षातच येत नाही. त्यासाठी पॅच टेस्ट करतात, पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवून ४८ तास ठेवतात, मग काढून बघतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी परत बघतात. आईची ही टेस्ट मे महिन्यात झाली होती, त्या उकाड्यात पाठ भिजवायची नाही, आणि तिने एक शब्द न काढता ते केलं. रिपोर्टमध्ये वूल अल्कोहोल, म्हणजे लॅनोलिनमधलाच भाग, पॉझिटिव्ह आलं. म्हणजे तिला दोन्ही आहे, टोचणं पण आणि अ‍ॅलर्जी पण.

तेव्हापासून घरात किती सांभाळावं लागतं ते ऐका. लिप बाम, हँड क्रीम, फुटलेल्या टाचांचं मलम, प्रत्येकाच्या मागची बारीक अक्षरं वाचायची, कारण तीच गोष्ट लॅनोलिन, वूल फॅट, वूल वॅक्स, वूल अल्कोहोल, अ‍ॅडेप्स लॅनी अशा वेगवेगळ्या नावांनी लिहिलेली असते. खाजेवर लावायच्या मलमाचा बेससुद्धा लॅनोलिनचा असू शकतो, त्यामुळे केमिस्टकडे उभं राहून आधी खोका वाचायचा. कोणाचा स्वेटर आमच्याकडे राहिला तर तो तिच्या साड्यांबरोबर मशीनला लावायचा नाही. ट्रेनच्या एसी डब्यात लोकरीचं ब्लँकेट मिळतं म्हणून स्वतःची कॉटनची चादर बरोबर न्यायची. एवढं सगळं ती आयुष्यभर न कुरकुरता करतेय, आणि तुमच्या एका चुकीच्या उत्तरामुळे तिच्याच पंचाहत्तरीच्या रात्री ती गार पाण्याच्या पट्ट्या मानेवर ठेवून बसली होती. राग मला याचा जास्त आहे.

आता तुम्ही म्हणाल शालीत वूल आहे हे कशावरून. शालीच्या आतल्या टॅगवर फक्त 'ब्लेंडेड फॅब्रिक, ड्राय क्लीन ओन्ली' एवढंच आहे, कुठलं सूत किती टक्के काही नाही. माझ्या काकांचं आयुष्य लालबागला गिरणीत गेलं, त्यांनी दशांमधलं एक सूत ओढलं, चिमट्यात धरून गॅसवर जाळलं. कॉटन किंवा व्हिस्कोज असतं तर कागद जळल्यासारखा वास येऊन भुरकट राख राहिली असती. हे सूत आक्रसत गेलं, जाळ बाजूला करताच विझलं, केस जळल्याचा घाण वास पूर्ण किचनमध्ये पसरला आणि बोटाने दाबल्यावर काळ्या गोळ्याचा भुगा झाला. मग दुसरं सूत त्यांनी वाटीत घरातलं पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच घेऊन त्यात टाकून ठेवलं. काही वेळाने त्यातला एक पदर विरघळून गेला आणि दुसरा तसाच राहिला, लोकर ब्लीचमध्ये विरघळते आणि कॉटन-व्हिस्कोज तेवढ्यात विरघळत नाही. काका म्हणाले एक धागा लोकरीचा, एक सेल्युलोजचा, म्हणजे कॉटन-व्हिस्कोजसारखा, यात शंका नको. तुम्हाला घरगुती प्रयोग मान्य नसेल तर लॅबला पाठवा, शाल आहे तशी आमच्याकडे पिशवीत बांधून ठेवलीय.

आणि खरं तर लॅबची पण गरज नाही, कारण तुमच्याच एका मुलाने फोनवर सांगितलं की मॅम फिनिश येण्यासाठी ब्लेंडमध्ये थोडं वूल असतं, पण फार नाही. बिचाऱ्याने खरं सांगितलं, त्याच्यावर कारवाई करू नका. पण मग पेजवर का नाही? थोडं म्हणजे किती? ज्याला टोचतं त्याला थोडं पण टोचतं.

त्यानंतर तुम्ही गुडविल म्हणून एक बाटली पाठवलीत, शाल यात धुवा म्हणजे सॉफ्ट होईल आणि खाज येणार नाही असं चिठ्ठीत लिहून. बाटली वूल वॉशची. कॉटन व्हिस्कोजच्या शालीसाठी वूल वॉश! आणि मागे लिहिलंय 'विथ लॅनोलिन'. वूलची अ‍ॅलर्जी म्हणून तक्रार करणाऱ्या ७५ वर्षांच्या बाईला तुम्ही लॅनोलिन घातलेलं लिक्विड पाठवलंत. मी वाचलं म्हणून वापरलं नाही. दुसरं कोणी तुमच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शाल त्यात धुऊन परत अंगावर घेतली असती. धुतल्याने जाड तंतू बारीक होत नाही, हे निदान शाली विकणाऱ्यांना माहीत पाहिजे.

लोकर विकू नका असं माझं म्हणणं नाही. १७-१८ मायक्रॉनचं बारीक मेरिनो (मेरिनो मेंढीची लोकर) एक्झिमावाल्या काही लोकांनासुद्धा चालतं असं आमचे डॉक्टरच म्हणाले, लोकर वाईट नाही. पण मग लिहा ना, लोकर आहे, इतके टक्के आहे, इतक्या मायक्रॉनची आहे, ज्याला घ्यायची तो घेईल. आणि 'स्किन फ्रेंडली' लिहायच्या आधी कोणाच्या स्किनला ते बघा.

रिटर्नबद्दल, २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यात जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवायचं आणि एका महिन्यात निकाली काढायची हेही त्यातच आहे. 'वापरलेली आहे' हे कारण इथे चालत नाही, शालीत वूल आहे हे अंगावर घातल्याशिवाय कळायला तुम्ही दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

मला शालीचे पूर्ण पैसे आणि डॉक्टर-औषधांचा खर्च परत हवा, बिलं जोडलीत. क्रेडिट पॉइंट किंवा कूपन नकोय, तुमच्याकडून परत काही घ्यायचं नाहीये. त्या शालीचं पेज दुरुस्त होईपर्यंत विक्री थांबवा, आणि ही शाल ज्यांनी ज्यांनी घेतलीय त्या सगळ्यांना मेल करून कळवा की यात लोकर आहे. हे शेवटचं मला पैशांपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण त्यातली एखादी कोणीतरी लहान बाळाच्या अंगावर घालत असेल. चॅटवर बसणाऱ्या मुलांना कापडाची खरी माहिती द्या, आणि माहीत नसेल तर 'माहीत नाही, विचारून सांगतो' म्हणायची मुभा द्या. तसं उत्तर आलं असतं तर मी दुसरी शाल घेतली असती.

महिन्याभरात लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. शाल पिकअपला माणूस पाठवायच्या आधी फोन करा, दुपारी आई एकटी असते आणि ती पिशवी तिने उघडून द्यावी असं मला नकोय.

कळावे,
एक ग्राहक
भांडुप पूर्व, मुंबई