गिटार ओळखीची, नाव अनोळखी

महोदय,
रविवारच्या पुरवणीतला सोल या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतावरचा लेख आवडला. गायक सगळे आले, पण गिटारवादक कॉर्नेल डुप्रीचा साधा उल्लेखही नाही, हे खटकलं. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला १९४२ साली जन्मलेला हा माणूस सॅक्सोफोनवादक किंग कर्टिसच्या बँडमुळे न्यूयॉर्कला आला आणि तिथल्या स्टुडिओंमध्येच रमला. गायक ब्रुक बेंटनचं १९७० मधलं ‘रेनी नाइट इन जॉर्जिया’ हे गाणं एकदा हेडफोन लावून ऐका. बेंटननं तोंड उघडण्याआधीच डुप्रीची गिटार पावसाळी हवा तयार करते. गाणं सुरू झालं की ती मागे सरते, ओळ संपली की हळूच उत्तर देते. ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या जुन्या गानप्रकारातली ही सवाल-जवाबाची रीत. दोन-चारच स्वर, पण नेमके! गायिका अरेथा फ्रँकलिनच्या १९७१ च्या, सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलमोर वेस्ट सभागृहातल्या मैफलीतही गिटारवर तोच होता. आपल्या हिंदी सिनेसंगीतातल्या गोव्याच्या वादकांसारखंच हे. सूर घरोघरी, नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. २०११ मध्ये तो गेला. पुढच्या लेखात अशा वादकांसाठी निदान एक चौकट तरी ठेवा.

– एक वाचक, सांगली