अमेरिकेत देहदंडाचा पाठिंबा ओसरतोय

संपादक महोदय,

अमेरिकेत देहदंडाला असलेला लोकांचा पाठिंबा ओसरतो आहे आणि मला ही मनापासून आशादायक गोष्ट वाटते. गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत १९९४ मध्ये ८० टक्के लोक खुन्याला देहदंड देण्याच्या बाजूने होते. २०२४ मध्ये हे प्रमाण ५३ टक्क्यांवर आले.

गुन्हेगारांची कणव वाढली म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. न्यायालयेही चुकतात, हे लोकांच्या डोळ्यांसमोर आले. मेरिलँड राज्यात पाच साक्षीदारांनी एका माणसाला ओळखले आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी त्याला १९८५ मध्ये देहदंड सुनावला गेला. १९९३ मध्ये डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला. खरा गुन्हेगार सापडायला आणखी दहा वर्षे गेली! शिक्षा आधीच अमलात आली असती, तर त्या चाचणीचा त्याला काय उपयोग होता?

इलिनॉय राज्यात तर १९७७ नंतर देहदंड सुनावलेल्यांपैकी १२ जणांची शिक्षा अमलात आली आणि १३ जण निर्दोष ठरून सुटले. देहदंडाचे समर्थक असलेल्या गव्हर्नर जॉर्ज रायन यांनीच मग २००० मध्ये अंमलबजावणी थांबवली. २०११ मध्ये तिथे ही शिक्षा रद्द झाली.

पीडितांच्या कुटुंबांचा संताप रास्तच आहे. कठोर शिक्षा हवीच. पण गॅलपने २०१९ मध्ये पॅरोलविना, म्हणजे सुटकेची संधी नसलेल्या, जन्मठेपेचा पर्याय समोर ठेवला, तेव्हा ६० टक्के लोकांनी तोच निवडला.

– एक वाचक