उन्हात पडलेला पाऊस : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

नव्या स्वयंचलित हवामान केंद्रांची घोषणा झाली की मला आनंद होतो आणि पाठोपाठ धास्तीही वाटते. सेन्सर आणि त्यांचे आकडे टिपून ठेवणारं यंत्र, म्हणजे डेटा लॉगर, बसवणं हे माझं काम. खरं तर बसवण्यापेक्षा, पुढे ते भलतेच आकडे देऊ लागले की उघडून बघण्यातच माझा जास्त वेळ जातो.

एका केंद्रावरच्या पर्जन्यमापकाने मुसळधार पावसात जेमतेम रिमझिम नोंदवली आणि पुढे दोन दिवस लख्ख उन्हातही ती चालूच ठेवली. जाऊन नरसाळं काढलं. जाळीवर कुजलेली पानं, पक्ष्यांची विष्ठा आणि तळाच्या भोकाशी कोळ्याचं जाळं. वर तुंबलेलं पाणी थेंबथेंब उतरत होतं. खालची दोन कप्प्यांची बादली ०.२ मिमी पावसाएवढं पाणी साचलं की कलंडते, तेवढंच तिला कळतं. लॉगरने प्रत्येक कलंडणं वेळेसकट इमानेइतबारे टिपलं होतं. यंत्र बिघडलेलं नव्हतंच, म्हणून धोक्याचा इशाराही कुठे गेला नाही. ते आकडे मुकाट सरासरीत जमा झाले. नोंदच आली नसती तर निदान कुणी चौकशी तरी केली असती!

तापमानाचंही तसंच. सेन्सर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या जागी, हवेशीर पांढऱ्या आवरणात असावा लागतो. तो सिमेंटच्या गच्चीवर लावला की हवेऐवजी गच्ची मोजतो. आवरण मळून काळवंडलं की दुपार आणखी तापते, अर्थात कागदावर. प्रकाश विखुरण्यावर चालणारे स्वस्त धूलिकण सेन्सर दाट धुक्यात पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात. आर्द्रतेच्या सेन्सरचे आकडे तर वर्ष-दोन वर्षांत हळूहळू सरकतात, एकदम चुकत नाहीत, म्हणूनच ते लक्षात येत नाही.

निविदेत खरेदी असते, वॉरंटी असते. नरसाळं पुसणारा माणूस नसतो. माझी मागणी एवढीच, की दहा नवी केंद्रं घेण्याऐवजी सहाच घ्या आणि उरलेल्या पैशांतून त्या सहांची सफाई, कॅलिब्रेशन (खात्रीच्या मापाशी आकडे ताडून बघणं) आणि बॅटरी बदलणं पुढची दहा वर्षं चालू ठेवा. शिवाय प्रत्येक केंद्राच्या आकड्यांसोबत शेवटच्या तपासणीची तारीख आणि सेन्सरच्या जागेचा फोटो लोकांना दिसू द्या. कच्च्या नोंदीही पुसू नका. दुरुस्त केलेला आकडा वेगळा ठेवता येतो.

उद्घाटनाला आलात तर आनंदच आहे, पण वर्षभराने न कळवता पुन्हा या. येताना ४०० मिलि पाणी मोजून आणा आणि २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या नरसाळ्यात अर्धा-पाऊण तास सावकाश सोडा. हा झाला २० मिमी पाऊस, म्हणजे ०.२ मिमीला एक या हिशेबाने लॉगरमध्ये १०० च्या आसपास नोंदी दिसायला हव्यात. ४० दिसल्या तर नरसाळं काढायला मी सोबत येईन.

आपला,
एक लॉगर तंत्रज्ञ