घर विकू नका, व्हिसाची तारीख घ्या

स्टुटगार्ट
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

काल दादाचा पुण्याहून फोन आला होता. आपल्या घराला गिऱ्हाईक आलंय, बाबांनी आकडाही सांगून टाकलाय आणि ‘लेक जर्मनीला बोलावतेय, आता इथं कोण राहणार’ हे साताऱ्याच्या चार भिंती टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना कळलंय म्हणे. फोनवर हा विषय काढला की बाबा, तुम्ही आईच्या हातात फोन देता आणि आई हवापाण्याचं विचारते. म्हणून पत्र लिहायला बसले. आज रविवार आहे, इथं दुकानंसुद्धा बंद असतात, त्यामुळे लिहायला वेळच वेळ आहे.

आधी मुद्द्याचं. विसार घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर दादाला पाठवते, तो परत करून येईल.

बाबा, ‘आई-वडिलांना जर्मनीत राहायला नेता येतं’ असं सांगणारा, तुम्ही पाठवलेला तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला. त्यात सांगितलंय ते खोटं नाही. १ मार्च २०२४ पासून इथल्या कायद्यात खरंच तशी तरतूद आली आहे. त्या तारखेनंतर ज्यांना पहिल्यांदा ब्लू कार्ड किंवा तशा प्रकारचा कामाचा परवाना मिळाला, त्यांच्या आई-वडिलांना इथं राहण्याचा परवाना देता येतो. माझं कार्ड सप्टेंबर २०२४ चं, म्हणजे मी त्यात बसते. जावयाचे, म्हणजे मंदारचे आई-वडीलही बसतात. पण हा हक्क नाही, द्यायचा की नाही हे कचेरी ठरवते. तुमचा खर्च आम्ही उचलू शकतो का, घरात जागा आहे का, हे सगळं बघतात. पगाराचं आणि जागेचं एक वेळ जमवू. पुढची अट मात्र त्या व्हिडिओवाल्याने एका वाक्यात उरकली आणि सगळं घोडं तिथंच अडलंय.

आरोग्य विमा. इथं राहायचं तर कायमस्वरूपी, पूर्ण विमा लागतो, प्रवासाचा तात्पुरता चालत नाही. माझ्या पगारातून जो विमा कापला जातो त्यात कमाई नसलेला नवरा किंवा बायको आणि मुलं बसतात. आई-वडील बसत नाहीत. पंचावन्न उलटलेल्या माणसाला बाहेरून येऊन त्या सरकारी पद्धतीच्या विम्यात शिरायला जवळजवळ वाटच नाही. राहिल्या खाजगी कंपन्या. त्या आधी आजार विचारतात. बाबांचं वय एकाहत्तर, स्टेंट बसवलेली, आईला साखर आणि बीपी. मी एका सल्लागाराकडे तुमचे रिपोर्ट घेऊन गेले होते. एक-दोन ठिकाणांहून सरळ नकार आला, आणि जिथून आकडा आला तो दोघांचा मिळून आमच्या घरभाड्याच्या वर जातो. दर महिन्याला. आणि तो वर्षागणिक वाढणार. मंदार म्हणाला, बघू, काहीतरी करू. तो तुमच्यावरच्या मायेनं तसं म्हणतो, पण हिशोब मी केलाय आणि तो बसत नाही.

आता समजा, उद्या हे सगळं जुळलं. तरी घर विकायला माझा विरोधच राहील. आम्ही दोघं सकाळी साडेसातला बाहेर पडतो, चिऊला किंडरगार्टनला सोडतो आणि पाचच्या सुमारास घरी येतो. ह्या दिवसांत तोवर अंधार पडलेला असतो. मधले नऊ-दहा तास तुम्ही दोघं चौथ्या मजल्यावर. शेजारीण चांगली आहे, पण ‘हॅलो’च्या पुढे गाडी जायला मला भाषा येऊनही वर्ष लागलं. बाबांना छातीत जरा कळ आली की रिक्षात बसून दहा मिनिटांत आपल्या डॉक्टरांपुढे उभं राहायची सवय. इथं अगदीच जिवावर बेतलं तर ॲम्ब्युलन्स मिनिटांत येते, त्याला तोड नाही. पण नुसतं हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हटलं तर महिना-दोन महिन्यांनंतरची तारीख मिळते. आणि मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय साधी अँटिबायोटिकची गोळी देत नाही.

शिवाय आई, तू बोलली नाहीस तरी मला ठाऊक आहे, लेकीच्या घरी कायमचं राहायचं तुला जड जातंय. मावशीनं टोमणा मारला तोही कानावर आलाय. मावशीचं सोड. पण तुझं स्वतःचं मन तयार नसताना बाबांच्या हट्टापायी पेटी भरू नकोस.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: पाहुणे म्हणून या, आणि भरपूर राहा. पाहुण्यांचा शेंगेन व्हिसा असतो, त्यात कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. आल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस दोन्ही धरतात, म्हणून मी तिकीट ८५ दिवसांचंच काढणार आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात या. जूनमध्ये इथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. बाबांना संध्याकाळी दोनदा फिरायला जाता येईल.

आणि गंमत बघा. हा व्हिसा देताना ते सगळ्यात आधी बघतात की ही माणसं परत जाणार का. परत जाण्यासारखं तिकडे काय आहे? तर आपलं घर, गावाकडचा सातबारा, बाबांची पेन्शन, पुण्यातला मुलगा. तुम्ही विकायला काढलंय तो तुमच्या फाईलमधला सगळ्यात भक्कम कागद आहे. घर विकून, पैसे बँकेत टाकून, मुलीकडे निघालेल्या म्हाताऱ्या जोडप्याचा अर्ज पाहून तिथला अधिकारी काय समजेल ते तुम्हीच सांगा. जिल्हा परिषदेत इतकी वर्षं तुम्ही लोकांचे अर्ज तपासलेत.

हमीपत्र मी इथून काढते. परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन, पगाराच्या स्लिपा आणि घराचा करार दाखवून, तुमचा खर्च माझ्या अंगावर असं लिहून द्यायचं असतं. एका हमीपत्राला २९ युरो लागतात. त्याची मूळ प्रत कुरिअरने पाठवीन, झेरॉक्स चालत नाही. अर्ज पुण्यात देता येतो, त्यामुळे मुंबईची धावपळ नको, आदल्या रात्री दादाकडे मुक्काम करा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. उन्हाळ्याच्या तारखा फार लवकर भरतात, म्हणून दादाला मी फेब्रुवारीतलीच तारीख बघायला सांगितलीय. फी माणशी ९० युरो, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. बोटांचे ठसे घेतील, तेव्हा आई, आदल्या दिवशी हळद-लिंबाची कामं करू नकोस. माझ्या वेळी माझ्या पुढच्या बाईंचे ठसे उमटेचनात, बिचाऱ्या पदराला बोटं पुसून पुसून दमल्या.

बाबा, माझ्या व्हिसाची फाईल तुम्ही लावली होती ती आठवते ना? हिरवी लेस, प्रत्येक कागदाला प्लॅस्टिकचं कव्हर, वर तुमच्या अक्षरातली अनुक्रमणिका. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे लेस सोडली, कव्हरं काढून बाजूला ठेवली, स्टेपलच्या पिना उपसल्या आणि सगळे कागद तिच्या यादीप्रमाणे लावले. तुम्ही काचेपलीकडून बघत होतात, तुमचा चेहरा बघून मला हसू आवरत नव्हतं. ह्या वेळी कव्हरं नको, पिना नको. सुटे कागद, प्रत्येकाची एक झेरॉक्स. पेन्शनची पीपीओ, बँकेचा तीन महिन्यांचा उतारा शिक्क्यासह, इन्कम टॅक्सचे रिटर्न, घरपट्टीची पावती, सातबारा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर दादा करून घेईल. अनुक्रमणिका तुमची, ती ठेवा.

एका कागदाकडे मात्र नीट लक्ष द्या. माझा जन्म आईच्या माहेरचा, पाटणच्या दवाखान्यातला. तिथं आजोबांनी नोंद करताना आईचं माहेरचंच नाव सांगितलं, ‘मालन’. पासपोर्टवर आई ‘सुनंदा’. म्हणजे कागदोपत्री माझी आई कोण, हा प्रश्न उभा राहतो. लग्नात नाव बदललं हे आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही, तिकडच्या माणसाला त्याचा पुरावा लागतो. आईचा पासपोर्ट काढताना आपण राजपत्रात नावबदलाची जाहिरात छापून घेतली होती. ते राजपत्र स्टीलच्या कपाटात, दागिन्यांच्या कप्प्याखाली, विजेच्या जुन्या बिलांबरोबर आहे. त्याची प्रत आणि तुमच्या लग्नाचा नोंदणी दाखला, दोन्ही माझ्या जन्मदाखल्याच्या मागे लावा.

प्रवासाचा विमा ३०,००० युरोचा लागतो, तो मी इथूनच ऑनलाइन काढते. पण तो अचानक आलेल्या दुखण्याला. जुन्या दुखण्याचा खर्च सहसा देत नाहीत. म्हणून निघण्याआधी बाबांची टू-डी इको आणि आईची तीन महिन्यांची साखर करून घ्या. गोळ्या तीन महिन्यांच्या पुरत्या बरोबर आणा, तेवढ्या स्वतःसाठी आणायला इथं हरकत नसते. डॉक्टरांकडून चिठ्ठी इंग्रजीत घ्या, आणि गोळीचं कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. आपल्याकडचे ब्रँड इथं कुणाला कळत नाहीत.

विमान मुंबईहून थेट फ्रँकफर्टचं घेऊ. मधे बदलायची कटकट नको. ऑक्टोबर २०२५ पासून इथल्या सीमेवर नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झालीय, पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करतात, त्यामुळे रांग जरा लांबेल. घाबरू नका, मी बाहेर उभी असेन. विचारलंच तर ‘डॉटर, स्टुटगार्ट, थ्री मंथ्स’ एवढं पुरे. परतीचं तिकीट हातात ठेवा, पेटीत नको.

आल्यावर बाबांचा वेळ कसा जाईल ह्याची मला काळजी नाही. इकडे जिन्याची सफाई बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं करायची असते, ह्या स्वाबियन लोकांची ती जुनी रीत. आठवडा आपला आला की दाराच्या मुठीला पाटी लटकवतात. तुमच्यासारख्या माणसाला पाटी, पाळी आणि नियम म्हणजे पर्वणीच. रविवारी रिकाम्या बाटल्या टाकायला गेलात तर मात्र कुणीतरी खिडकीतून ओरडेल. आणि तुमच्या माहितीसाठी, मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून जोडशहरं आहेत. कट्ट्यावर सांगायला हे घरविक्रीच्या बातमीपेक्षा बरं.

बाबा, तुम्ही दिवाळीत विचारलं होतं, तुम्ही परत येणार की नाही. तेव्हा मी चिऊला हाक मारून विषय टाळला. आज लिहिते. जर्मन भाषेची बी-वन परीक्षा झालेली आहे, येत्या जूनमध्ये ब्लू कार्डाला २१ महिने होतील, आणि मग आम्ही कायमच्या वास्तव्याच्या परवान्याला अर्ज करणार आहोत. म्हणजे पुढची काही वर्षं तरी मुक्काम इथंच. त्यापुढचं मला खरंच माहीत नाही. नागरिकत्वाचा विचार सध्या नाही. ते घेतलं तर भारताचं सोडावं लागतं, आणि त्याला माझं मन अजून धजत नाही.

आणखी एक, जे आपण तिघंही बोलत नाही. उद्या तुमच्यापैकी एकालाच राहायची वेळ आली तर? तर तेव्हा मी इथून उठून येईन, महिना-दोन महिने राहीन, आणि दादा, मी आणि जे कोण असेल ते मिळून ठरवू. त्याची भीती धरून आज राहतं घर मोडण्यात अर्थ नाही. उलट त्या वेळी हेच घर लागेल. मला तिथं येऊन उतरायलाही लागेल.

तर ह्या आठवड्यात करायचं ते असं. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगा, माझ्या नावावर खपवलंत तरी चालेल. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो दादाला पाठवा, अंगठा मधे न येता. फोटो स्टुडिओत जाऊन ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्मा काढून. आई, हसायचं नाही, तोंड मिटून.

संक्रांतीचा तिळगूळ कुरिअरने पाठवू नका, तो इथल्या कस्टममध्ये महिनाभर पडून राहतो.

तुमची,
मनू

ता. क. : दुधाचा कुठलाही पदार्थ इथं आणू देत नाहीत, त्यामुळे साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचं तूप, दोन्ही नाही. लपवूनही नाही, बाबा. कढीपत्ता आणि आंबेही नकोत. मेतकूट, गोडा मसाला, भडंग चालेल. मंदारनं भडंग दोन किलो सांगितलंय, तुम्ही तीन आणा.