राउटर न विकणाऱ्या दुकानदारदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंय. "काकू, नाव टाकलंसा तर उद्या अख्खी सांगली पोरांच्या परदेशातल्या वायफायची गाऱ्हाणी घेऊन दारात उभी राहील," म्हणालात. म्हणून लिहीत नाही. हरभट रोडजवळच्या बोळातलं, २०१९ च्या पुराच्या पाण्याची रेघ अजून भिंतीवर ठेवलेलं दुकान, एवढीच ओळख देते. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमची मुलगी नोकरीसाठी स्टुटगार्टला गेली. घर मिळालं, बँकेत खातं निघालं, भाजी कुठं स्वस्त तेही कळलं. इंटरनेट मात्र येईना. आपल्याकडे सकाळी फोन करावा तर संध्याकाळपर्यंत पोरगा शिडी घेऊन हजर. तिथं आधी अर्ज, मग पोस्टाने पत्र, मग तारीख. त्या तारखेला पोरगी रजा काढून दिवसभर घरात बसून राहिली आणि संध्याकाळी निरोप आला की आमचा माणूस येऊन गेला, घरात कोणी नव्हतं! पुढची तारीख कितीतरी आठवड्यांनी. कंपनीला फोन लावला की आधी संगीत, मग यंत्राचा आवाज, आणि शेवटी एक माणूस, जो पुन्हा तेच सांगणार: घरात कोणी नव्हतं. नव्या नोकरीत ही मोबाईलच्या डेटावर मीटिंगा करत होती आणि अर्ध्या वाक्यात गायब होत होती.

इकडच्या सल्लागारांचं काय सांगू. आमच्या घराण्यात आयटीवाले उदंड. पुण्याच्या भाच्याने फोनवर अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "मावशी, तीन युनिटची मेश सिस्टीम घे, बाकी सगळं गूगलवर आहे." मेश म्हणजे मोठ्या घरात वायफाय पोचवायला जागोजागी ठेवायचे डबे. घर केवढं, हे विचारलंही नाही. घर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच आहे हो! एका चकचकीत शोरूममधला मुलगा म्हणाला, "इंटरनॅशनल मॉडेल आहे मॅडम, जगात कुठंही चालतं." त्याच्याकडे माल शिल्लक नव्हता, नाहीतर पैसे तिथंच गेले असते.

तुमच्याकडे आले ती पैसे घेऊनच आले होते. आमच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब त्या आठवड्यात जर्मनीला निघालं होतं, त्यांच्या बॅगेत पाठवायचा बेत होता. मी बोट दाखवलेला राउटरचा डबा तुम्ही खाली काढलात, पुसलात आणि मग विचारलंत, "तिच्या घरात लाईन कसली येती?" हा प्रश्न तोवर आम्हाला कुणीच विचारला नव्हता. टेलिफोनची, म्हटल्यावर तुम्ही डबा परत फळीवर ठेवलात. आपल्याकडे फायबरचं यंत्र कंपनी लावते, त्याला हा जोडला की झालं. पण टेलिफोनच्या तारेला मोडेम, म्हणजे तारेतल्या सिग्नलमधून इंटरनेट काढणारं यंत्र, लागतो आणि ह्यात तो नाहीच. मी म्हटलं, मग मोडेमवाला द्या. तेव्हा तुम्ही गल्ल्याखालून ब्रॉडबँडच्या जमान्यातला एक जुना खोका काढलात आणि त्यावरची बारीक अक्षरं दाखवलीत: अ‍ॅनेक्स ए. जर्मनीत पूर्वी आयएसडीएन, म्हणजे जुनी डिजिटल टेलिफोन लाईन, फार होतं, म्हणून तिथल्या तारेवरच्या सिग्नलची पद्धत अ‍ॅनेक्स बी. इथला तिथं जुळत नाही. हे सगळं सांगून वर "तिकडंच घेऊ दे काकू, इथनं न्हेऊन उपयोग न्हाई" म्हणून गिऱ्हाईक हातचं घालवलंत.

एवढ्यावर मी उठले असते. तुम्हीच म्हणालात, पोरीला फोन लावा, मी बोलतो. थंडीचे दिवस, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. ती कामावरून येणार सहाला, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. तुम्ही शटर अर्धं ओढून थांबलात. यांना आणि मला बसायला स्टूल दिलंत, आणि व्हिडिओवर तिला घरभर फिरवलंत.

आणि दादा, हे पत्र लिहायला बसले ते त्यानंतरच्या एका प्रश्नासाठी. मोडेम झाला, तार झाली, भिंती झाल्या. पोरगी रडवेली होऊन सांगत होती की मी खरंच घरात होते, बेल वाजलीच नाही. तुम्ही मान हलवलीत आणि विचारलंत, "ताई, खाली बेलवर नाव कुणाचं आहे?"

ती गप्प झाली. फोन घेऊन तशीच जिना उतरली. तिथं फ्लॅटला सहसा नंबर नसतात, दारावरच्या बटणांपुढे नुसती आडनावं. तिच्या बटणापुढे आधीच्या भाडेकरूचं आडनाव होतं. टपालपेटीवर घरमालकाने हिचं नाव लावलं होतं, म्हणून पत्रं बिनबोभाट येत होती आणि कुणाला शंकाच आली नाही. तो माणूस आला असणार, आमचं नाव शोधलं असणार, आणि गेला. तुम्ही म्हणालात, आमची पोरंबी विश्रामबागला नावाची पाटी नसली की खालच्या खाली परत येतात. मग तिला जाड पेनाने कागदावर नाव लिहायला लावलंत, ते कॅमेऱ्यासमोर धरायला लावलंत, आणि "अजून मोठं काढा, त्याला गाडीतनं वाचता आलं पाहिजे" म्हणून दुसऱ्यांदा लिहून घेतलंत. आमचं लांबलचक आडनाव त्या चिठ्ठीत मावेना, तर ती हसायला लागली. कित्येक दिवसांनी हसली. यांनी चष्मा काढून पुसला, मी पाहिलं.

एवढ्या मोठ्या कंपनीत कुणाला हे विचारावंसं वाटलं नाही. 'घरात कोणी नव्हतं' म्हटलं की त्यांची बाजू संपली. आमच्या शहाण्या नातेवाइकांनाही सुचलं नाही, कारण त्यांच्या लेखी अडचण म्हणजे चांगली वस्तू न घेणं. तुम्हाला सुचलं, कारण तुम्ही शिडी घेऊन दारोदार गेलेले आहात, आणि समोरचा खोटं बोलतोय असं तुम्ही आधीच धरून चालला नाहीत. मला दुसऱ्या गोष्टीचं जास्त अप्रूप आहे. पोरगी म्हणते मी घरात होते, तर ती घरातच होती. मग माणूस चुकला कुठं? इतका सरळ विचार करणारी माणसं कमी झालीत, की त्यांना फोनवर कुणी बसवत नाही, कोण जाणे.

पुढचं भराभर झालं. त्या चिठ्ठीच्या जोरावर पुढच्या तारखेला माणूस थेट वर आला. कंपनी स्वतःचा राउटर महिन्याच्या भाड्याने गळ्यात मारत होती. तुम्ही म्हणालात, करार २४ महिन्यांचा असेल तर भाड्याची बेरीज करा आणि स्वतःचा लावायची मुभा आहे का विचारा. तिने कायदा शोधला: १ ऑगस्ट २०१६ पासून जर्मनीत ग्राहकाला आपल्या पसंतीचा राउटर लावता येतो, कंपनीला नाही म्हणता येत नाही. तिथल्याच दुकानातून साधा, मोडेमसकट असलेला घेतला. मेश नाही! जाहिरातीतल्या वेगाच्या '२५० पर्यंत'मधला 'पर्यंत' वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. तिथं करारात किमान वेगही लिहावा लागतो, तो बघून तिने खालचा, स्वस्त प्लॅन घेतला. राउटर टीव्हीमागे न कोंबता उघड्या फळीवर ठेवलाय. जुन्या इमारतीच्या जाड भिंतीतूनही स्वयंपाकघरात आम्ही तिला फोडणी देताना बघतो. मोहरी जास्त घालते.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. चहासुद्धा तुम्हीच मागवलात. मुलगी गणपतीत येतेय, दुकानात येणार आहे, आणि ती जे आणेल ते निमूट घ्यायचं, तिथं "नको काकू" चालणार नाही.

आणखी एक. पुण्याचा तो भाचा आता नेदरलँड्सला चाललाय. "मावशी, त्या दुकानदाराचा नंबर पाठव ना," म्हणून मागे लागलाय. देऊ का, तेवढं कळवा. नाही म्हणालात तरी चालेल, त्याला गूगल आहेच.

तुमची,
विश्रामबागच्या काकू