जुन्या बेसबॉल कार्डांचा भाव बातमीवरून ठरत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जुन्या वस्तूंच्या लिलावांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं मिकी मँटल ह्या खेळाडूचं बेसबॉल कार्ड (खेळाडूचं चित्र छापलेलं, मुलं जमवतात तसलं) ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं असं त्यात दिलंय. ते खरंय, पण लेख तिथेच संपतो आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू होते, म्हणून लिहितोय. मी बरीच वर्षं अमेरिकेत राहतो, मुलामुळे ह्या कार्डांची ओळख झाली, त्याचा नाद सुटला आणि मला लागला तो लागलाच. अशी बातमी कुठे आली की आठवडाभर ओळखीच्यांचे फोन येतात, आमच्या बेसमेंटमध्ये पण एक खोका आहे हो, किती येतील? आणि मी काही आकडा सांगितला की समोरच्याला वाटतं हा तरी खोटं बोलतोय नाहीतर ह्याला काही कळत नाही.

त्या मँटलच्या कार्डाला ग्रेड, म्हणजे कार्ड किती चांगल्या अवस्थेत आहे ते तपासून कंपनीने दिलेले गुण, होती दहापैकी साडेनऊ. अख्खी बातमी खरं तर ह्या एका वाक्यात आहे आणि नेमकं तेच कुणी छापत नाही. तेच कार्ड, तेच साल, तोच खेळाडू, पण कोपरे गोल झालेत, मधून घडी पडलीय, तर भाव शेकडो पटींनी खाली येतो. आणि लोकांना वाटतं ते त्याचं पहिलं कार्ड म्हणून महाग, तर तसंही नाही, पहिलं कार्ड आदल्या वर्षीचं, १९५१ चं, बोमन कंपनीचं. १९५२ च्या सेटचा शेवटचा भाग दुकानांत उशिरा आला, मुलांचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलेलं, माल पडून राहिला आणि १९६० मध्ये उरलेली कार्डं बोटीवर लादून अटलांटिक समुद्रात टाकली, हे टॉप्सच्या साय बर्गर यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. म्हणजे ज्या मालाला तेव्हा फुकट घ्यायलाही कुणी नव्हतं तोच आज एवढा महाग.

आता माझ्या समोर घडलेलं सांगतो. आमच्या शेजारी एक आजी राहतात, नवरा गेल्यावर त्याचा बुटाचा खोका निघाला, त्यात पन्नासच्या दशकातली कार्डं, रबरबँड लावून ठेवलेली. रबराने वरच्याखालच्या कार्डांच्या कडांना खाचा पडलेल्या, काहींच्या पाठीवर पेन्सिलने टीम बदलल्याची नोंद, लहान मुलाच्या अक्षरात. त्या कार्डांच्या एका शोला, म्हणजे खरेदी-विक्रीच्या जत्रेला, खोका घेऊन गेल्या. डीलरने दहा मिनिटांत सगळा चाळला आणि चारशे डॉलर देतो म्हणाला, रोख, आत्ता. आजींचा हात जवळजवळ पुढे गेला होता, पण त्या म्हणाल्या शेजाऱ्याला विचारते आणि परत आल्या.

त्या खोक्यात १९५५ चं रोबर्तो क्लेमेंटेचं कार्ड होतं, आडवं, त्याचं पहिलं. हा प्वेर्तो रिकोचा खेळाडू, बरोब्बर ३००० हिट्सवर (बॉल मारून बेस गाठला की एक हिट) थांबला, कारण १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात पडलं. हे कार्ड कुठल्याही डीलरला झोपेतही ओळखता येतं. त्या माणसाने ते बघितलं, बाजूला काढलं, परत गठ्ठ्यात घातलं आणि चारशे म्हणाला.

डीलरने निम्म्या भावात घेणं ह्याला मी चोरी म्हणत नाही. त्याला टेबलाचं भाडं द्यायचंय, माल सहा महिने पडून राहू शकतो, अर्धी कार्डं कुणी घेतच नाही, त्याला चार पैसे सुटायलाच हवेत. आजींना त्याने सांगितलं असतं की बाई, हे एक कार्ड भारी आहे, बाकीचं सगळं मिळून दोनशेचं, ह्याचे मी एवढे देतो, आणि मग कमी भाव लावला असता तरी माझी तक्रार नव्हती. कमी भाव देणं हा धंदा आहे, पण समोरच्याला माहीत नाही हे ओळखून गप्प बसणं ही फसवणूक आहे, कायदा काही म्हणो. लोक म्हणतात विकणाऱ्याने अभ्यास करून यावं. ऐंशी वर्षांच्या बाईने, नवऱ्याच्या वस्तूंचा, कुठे करायचा हो अभ्यास?

कारण अभ्यास करायला बसलं तरी आकडा हाताला लागत नाही. ईबेवर बघाल तर मागितलेले भाव दिसतात, ते कुणी काहीही मागतं, त्याला अर्थ नाही. विकले गेलेल्यांची यादी वेगळी काढावी लागते, आणि त्यातही घासाघीस करून सौदा झाला असेल तर तिथे मूळ किंमत खोडलेली दिसते, खरी किती मिळाली ते दिसतच नाही. लिलावाच्या आकड्यात घेणाऱ्याचं कमिशन धरलेलं असतं, ते वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तो आकडा विकणाऱ्याच्या खिशात गेलेला नसतो. आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटची कार्डं तर एवढी छापली होती की न फोडलेले खोकेसुद्धा कुणी विचारत नाही, हे सांगताना समोरच्याचा चेहरा पडतो ते बघवत नाही.

मग म्हणतात ग्रेडिंग करून घ्या. आजींचं क्लेमेंटे मी दिव्याखाली तिरकं धरलं तर समोरून अगदी स्वच्छ, आणि कोन थोडा बदलला की डाव्या बाजूला केसाएवढी एक क्रीज, म्हणजे घडीची रेघ, चमकली, सरळ बघितलं तर दिसायचीच नाही. भिंगातून चारी कडा बघितल्या, कुठे नवी पांढरी कापलेली कड आहे का, कारण लोक झिजलेली कड कापून कार्ड नवं दाखवतात. तसं काही नव्हतं. ग्रेडिंग कंपनीकडे पाठवलं, पैसे भरले, वाट बघितली, ग्रेड आली दोन. मी मनात चार धरली होती. त्या एका केसाने दोन ग्रेड खाल्ल्या, आणि तरीही त्या एकट्या कार्डाचेच हजारावर डॉलर आले.

पण ग्रेड म्हणजे ब्रह्मवाक्य नाही हेही लिहायला हवं. होनस वॅग्नर ह्या जुन्या बेसबॉलपटूचं सिगारेटच्या पाकिटातलं जे सगळ्यात गाजलेलं कार्ड, हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या टीमचे मालक ब्रूस मॅक्नॉल यांनी १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलेलं, ते पीएसए ह्या ग्रेडिंग कंपनीने ग्रेड केलेलं पहिलंवहिलं कार्ड, ग्रेड आठ. आणि आपण त्याच्या कडा कापल्या होत्या हे कार्डांचे लिलाव करणाऱ्या बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये कबूल केलं. लिलावांत खोट्या बोली लावून भाव फुगवल्याच्या खटल्यात त्यांना २०१५ मध्ये २० महिन्यांची शिक्षाही झाली. आपण ज्या जुन्या आकड्यांकडे बघून आज भाव ठरवतो त्यातले काही आकडे मुळातच असे फुगवलेले असतील, तर प्रामाणिक माणसाने किंमत लावायची तरी कशावरून?

मी स्वतः आता एवढंच करतो. त्याच ग्रेडची शेवटची पाच-सहा विक्री काढतो, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून देतो, आणि तो कागद समोरच्याच्या हातात देतो, मी घेणारा असलो तरी. मग म्हणतो मला ह्यातले एवढे सुटले पाहिजेत, पटलं तर द्या. दोनदा लोकांनी कागद घेतला आणि दुसरीकडे जाऊन विकलं, वाईट वाटलं, पण तो त्यांचा हक्क होता.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा आकडा छापाल तेव्हा बाजूला ग्रेड द्या, त्यात कमिशन धरलंय का ते द्या, आणि त्याच कार्डाची फाटकी प्रत कितीला गेली तेही एका ओळीत द्या. जागा फार लागणार नाही. आणि इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी जे हल्ली गॅरेज सेलमध्ये असे खोके उचलतात त्यांनाही सांगणं आहे, आत काय आहे ते दिसलं तर पैसे काढायच्या आधी बोला.

आजींची अजून दीडशे कार्डं माझ्या टेबलावर आहेत. पेन्सिलने लिहिलेली त्यांनी वेगळी काढून घेतली, ती विकायची नाहीत म्हणाल्या. बाकीची घेऊन येत्या रविवारी दोघं मिळून बसणार आहोत.

आपला,
अमेरिकेतला एक वाचक