जादा पाटे

नारायणगाव,
रविवार, रात्र

प्रिय दत्तू,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही, वर तुझे दोन फोनही उचलले नाहीत. रागव, पण आधी हे वाच. घरात कुणाला बोललेलो नाही. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर ठीक.

आबांच्या पिकअपला मी मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या, टाकले. क्रेट भरले की गाडी मागून पार बसायची. म्हणून भंगारातून दोन पाटे आणले, सेंटर बोल्ट लांब घेतले आणि अंगणातच यू-बोल्ट आवळले. गाडी चांगली दोन इंच उचलली. काय ऐट आली होती रे तिला!

परवा पहाटे 75 क्रेट टोमॅटो भरून कल्याणला निघालो. शाळेला सुट्टी म्हणून पिंट्याही सोबत. माळशेज घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये होतो. चार-पाच वळणं झाली आणि करपल्यासारखा वास आला. पेडल घट्ट लागतंय, पाय रोवून दाबतोय, पण गाडी आवरेना. शेजारी पिंट्या गाणं म्हणतोय. दुसरा टाकला, इंजिन ओरडलं, मग हँडब्रेक थोडा थोडा ओढत धबधब्याजवळच्या मोकळ्या जागेत गाडी घातली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. पिंट्या पाण्याची बाटली घेऊन धावला, त्याला ओरडूनच थांबवला. तापलेल्या डिस्कवर पाणी पडलं तर ती तडकायची. मागच्या ब्रेकच्या ड्रमपाशी हात नेला, तर नुसता कोमट.

त्या कोमट ड्रमनं रात्रभर झोप लागू दिली नाही.

सकाळी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो. चेसिसला मागच्या ब्रेकचा तो व्हॉल्व्ह आणि तिथून मागच्या अॅक्सलला गेलेला बारका रॉड, चिखलानं माखलेला. इतकी वर्षं त्याच्या शेजारी ग्रीस मारलं, पण तो कशाला आहे हे कधी पाहिलं नाही. माल भरला की गाडी बसते, अंतर कमी होतं, रॉड फिरतो आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. मी गाडी बसूच दिली नाही. व्हॉल्व्हच्या लेखी हौदा रिकामाच! दीड टन माल पुढच्या दोन चाकांनी घाटभर धरला, दत्तू.

सुलीच्या लग्नात तू हेच सांगत होतास. पाटे वाढवशील तर मागचे ब्रेक बघ, म्हणालास. आणि मी चारचौघांत म्हणालो, पगारी मेकॅनिकनं आम्हाला शिकवू नये. वर तुझ्या ताटातली जिलबीही उचलली. जिलबी फेडीन कधीतरी, त्या शब्दाची माफी आज मागतो.

पाटे काढून टाकलेत. पुढचे पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ते बदलले, ब्रेक ऑइलही नवं भरलं. जुन्या पाट्यांना बाक मारून घे असं सगळे सांगतात, पण माझं मन घेत नाही. नवा सेटच टाकतो, दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळतो, आणि 60 च्या वर क्रेट भरत नाही. भाड्याचं काय व्हायचं ते होवो. पण रॉडचं माप अंदाजानं लावायची आता हिंमत नाही. ते तू लावून दे.

चाकणच्या घराचा ताबा मिळाला का? वहिनींची परीक्षा झाली असेल. धाकटीला दात आले का रे?

पुढच्या रविवारी ये, जेवायलाच ये. पिंट्याला मी गाडी तापली होती एवढंच सांगितलंय. त्याच्यासमोर विषय काढू नकोस.

तुझा,
बापू